पलीकडचा काठ

इर्कुत्स्कमध्ये वीज स्वस्त आणि थंडी फुकट,
म्हणून गॅरेजांत, बाल्कन्यांत, एका गोठ्यातसुद्धा
दोन-तीन वर्षं आभासी नाणी खणत राहिली कार्डं,
आणि भाव पडला तशी
इन्नोकेंतीच्या टेबलावर येऊन पडली:
दमलेली, पंख्यांत मांजराचे केस,
पाठीवर वाळून चुना झालेली थर्मल पेस्ट.

तो त्यांना पुसतो, तपासतो,
चौकटीच्या वहीत पेन्सिलीने आकडे लिहितो.
वॉरंटी देत नाही. चहा देतो.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सेसेग्मा आली,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेलं कार्ड घेऊन.
"भावाचं होतं. अठरा वर्षांचं. नवरा म्हणतो, नवं घे.
खरंच इतका फरक असतो का, ते डोळ्यांनी दाखवा.
आकडे काय, कुणीही सांगेल."

जुनं ते सोनं म्हणावं, तर सोनं होतंच त्याला,
खालच्या दातांवर, केसाहून पातळ मुलामा.
इन्नोकेंतीने पंखा उघडून धूळ काढली, कार्ड बसवलं.
पंखा कण्हला, घरघरला, मग जात्यासारखा लागला.
खेळ तिनेच सांगितलेला: एक तळं, एक होडी, संध्याकाळ.
सेकंदाला तेवीस फ्रेम.
वल्हं पाण्यात शिरे, आणि पाण्याला ते जरा उशिरा कळे.
तापमान ब्याऐंशी.
दहा हातांपलीकडे सगळं धुकं.

"हेच," ती म्हणाली. "हेच धुकं.
झोरिक्तो म्हणायचा, वल्हव, पलीकडे गाव आहे,
तिथे गरम सूप मिळतं, पोचलीस की उठव मला.
आणि मागे कॉटवर झोपायचा, रात्रपाळी करून आलेला.
मी नऊ वर्षांची. चार हिवाळे वल्हवलं."

"धुकं म्हणजे काय," इन्नोकेंती स्क्रू काढत म्हणाला,
"जेवढं काढायला झेपत नाही, तेवढं झाकायचं."

नवं कार्ड विटेएवढं जड, तीन पंखे,
आवाज म्हणाल तर शेजारच्या खोलीत
कुणी पान उलटल्याएवढा.
एकशे चव्वेचाळीस.
वल्ह्यावरून निथळणारा एकेक थेंब वेगळा,
जणू प्रत्येकाचं नाव कुणाला तरी ठाऊक आहे.
आणि धुकं नव्हतं.

पलीकडचा काठ लख्ख दिसला:
पुठ्ठ्यासारखी सपाट पाच झाडं, एकाच झाडाच्या पाच नकला,
त्यांच्यामागे राखाडी काहीच नाही,
तिथे बनवणाऱ्यांचा पगार संपला असावा.

गाव नव्हतं.

इन्नोकेंतीने घसा खाकरला.
"कामाच्या मानाने वीज मात्र... कमी खातं."
सेसेग्मा हसत सुटली. चष्मा काढून हसली.
"लबाड! झोप काढायची होती त्याला!"
मग बराच वेळ डोळे पुसत राहिली.
ते हसण्याचंच पाणी असेल असं धरून
तो वहीत रकाने आखत बसला.

फ्रेम. तापमान. वॅट. मेमरी. किंमत.
काढून ठेवलेलं जुनं कार्ड
अजून तव्यावरून उतरल्यासारखं गरम होतं.
तिने त्यावर तळवे धरले. बाहेर उणे एकतीस.
याला वहीत रकाना नव्हता.

नवं तिने घेतलं, घासाघीस करून,
हजार रूबल पाडून घेतलं.
जुनं परत मोज्यात.
"विकलं तर किती येतील?"
"सूपापुरते येतील."
"मग राहू दे."

अंगारा नदी इथे गोठत नाही, नुसती वाफाळते.
ट्राम त्या वाफेत शिरली,
मागचा दिवा आधी गुलाबी झाला, मग नाही.

इन्नोकेंतीने टेबल आवरलं.
जुन्या पंख्याचे स्क्रू चार, मोज्यात गेले तीन.
चौथा तांदळाच्या दाण्याएवढा, दिव्याखाली पडलेला.
त्याने तो काड्यापेटीत टाकला, वर नाव लिहिलं,
आणि चुकून, तिच्याऐवजी, भावाचं.