चोडणची मानस

क्रिएटिनिन नऊ पॉइंट चार.
बाबानं विचारलं, एवढं विष कुठून आलं?
मी असं काय खाल्लं?

बाहेरून काही आलं नाही, बाबा.
तूच करत होतास ते, रोज.
फळ्या ओढताना दंडांत व्हायचं,
बांगड्याचा तुकडा जिरताना व्हायचं,
झोपेतसुद्धा थोडं.
जगण्याचं उष्टं ते.

तुला मी काय सांगू,
चाळीस वर्षं खाजनाची मानस राखलीस.
एका श्रावणात लाकूड फुगलं, दार अडलं,
सहा ओहोट्या गेल्या, पाणी हललं नाही.
नदीनं काहीच केलं नव्हतं.
शेताचंच पाणी ते,
आपल्याच कुजक्या पेंढ्यात उभं,
वर फेस, बांधावर चढलेल्या कुर्ल्या,
आणि भात मुळाशी काळं.

रक्ताचंही तसंच.
दाराशी जातं, कालचं घेऊनच माघारी फिरतं,
त्यात आजचं पडतं.

म्हणून तोंडाला तांब्याची चव.
म्हणून रात्रभर खाज,
पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच.
शहाळं बंद. अंगणात सात माड.

मंगळवार, गुरुवार, शनिवार
पहिली फेरीबोट, रायबंदरचा धक्का,
मग चार तास एक यंत्र
त्याच्यासाठी ओहोटी आणतं.

परतताना कठड्याला टेकून
तो डावं मनगट कानाशी नेतो.
जोडलेली शीर घुमत असते.
"सुटलंय पाणी," म्हणतो.

सांतेर पिंपळापाशी येईपर्यंत गप्प.
मग: "परवापर्यंत भरेल परत."

आणि घरी आल्यावर
पेजेत चिमूटभर मीठ मागतो,
मी नाही म्हणेन हे माहीत असून.