शेऱ्याची चौकट

महिन्याच्या पंचवीस तारखेला
मी टेप घेऊन निघते.
टोकाला शिशाचं वजन होतं, सरकारी;
पहिल्याच उन्हाळ्यात कपारीला अडकून तुटलं.
आता तिथं सासूबाईंचा अर्धा अडकित्ता बांधलाय.
तो पाण्याला लागला की टप्प होतं.
त्या टप्पसाठी मी श्वास धरते,
काठावर ओणवी, पदर कमरेला खोचून.

टाकळी बोरवंडच्या तीन विहिरी माझ्या वहीत आहेत.
गयाबाई ढाकण्यांची: अकरा चाळीस, मग चौदा, मग सतरा साठ.
मस्जिदीमागची जरा बरी.
तिसरीत गेल्या दिवाळीपासून टप्प होत नाही,
खट्ट होतं.
खट्टला वहीत निरंक लिहायचं असतं.

तिसरीपासून दीडशे पावलं चढावर
बंकट भाऊजींचं शेततळं.
निळा कागद, पाचशे मायक्रॉन.
पूजेला पेढे होते, मी दोन खाल्ले.
अर्जात लिहिलं होतं, पावसाचं पाणी साठवण्यासाठी.
पाऊस काय, आला तर आला.
तळं भरतं ते बोअरनं, सातशे वीस फुटांवरून.
हाताला कोमट लागतं ते,
जन्मभर अंधारात राहिलेलं पाणी,
वर आणून उन्हात मांडून ठेवलेलं.

मागच्या मे महिन्यात मोसंबीला ताण दिला होता,
ठिबक बंद, मोटार बंद,
तेव्हा मी कागदावर पाण्याच्या कडेला
पोरीच्या नेलपेंटनं रेघ ओढली.
दुसऱ्या दिवशी दुसरी, खाली.
अकरा दिवस, अकरा रेघा,
दोन रेघांत नखाएवढं अंतर.
कुणी प्यालं नाही, कुठं मुरलं नाही,
नुसतं गेलं.

भाऊजी म्हणतात, "वहिनी, थेंब वाया जात न्हाई आपल्याकडं.
लेकराला औषध पाजावं तसं मोजून पाजतो."
खरंच पाजतात. मी पाहिलंय.
ठिबकनं त्यांचं अर्धं पाणी वाचलं,
आणि वाचलं म्हणून आणखी दोन एकर लावली,
ती बघून शेजाऱ्यांनी तीन.
वाचलेलं पाणी कुठंय, असं मी एकदा विचारलं,
तर सगळे हसले, मीही हसले.

झाडाच्या बुडाशी जिथं ओल संपते
तिथं आता पांढरी कड येते.
बोटानं उचलून जिभेवर ठेवली.
खारट, मागून कडू.
"पाऊस धुऊन नेईल," भाऊजी म्हणाले,
आणि आभाळाकडं न बघता आत गेले.

चैत्रात एका पहाटे तळ्यात हरणी तरंगत होती.
पाणी प्यायला उतरली असेल,
उतरता येतं, चढता येत नाही.
पाण्यापासून हातभर वर खुरांचे ओरखडे,
माझ्या नेलपेंटच्या रेघांना आडवे कापत गेलेले,
तळ्याच्या चारी बाजूंना.
म्हणजे तिनं चारी बाजूंनी करून पाहिलं.
काही छेद पाण्याखाली होते,
ते कुणाला दिसले नाहीत.

त्या पंचवीसला तिसऱ्या विहिरीत
टप्प.
मी टेप वर घेतला, परत सोडला.
टप्प.
एकोणीस मीटर दहा.
अडकित्त्याचं पातं ओलं, मी ते गालाला लावलं.
घरी येऊन भाऊजींना काहीच बोलले नाही.
पुढच्या महिन्यातही नाही.
रात्री मोटार जास्त चालायची,
तळं कशानं उतरतंय म्हणून ते हैराण,
आणि मी भाकरी थापत गप्प.

तालुक्याहून वही परत आली. लाल शाईनं:
पाऊस नसताना पातळी कशी वाढली? पुन्हा मोजा.

तोवर जालन्याहून इर्शाद गरम हवेचं यंत्र घेऊन आला होता.
तळं उपसून, गुडघ्यावर रांगत त्यानं नऊ छेद सांधले.
निघताना टाकाऊ ठिबक नळ्यांची एक शिडी विणून
काठाला बांधून दिली,
त्याचे पैसे घेतले नाहीत.

पुन्हा मोजलं.
खट्ट.

शेऱ्याची चौकट दोन बोटं रुंद आहे,
तिच्यात हरणी मावत नाही.
मी लिहिलं: गळती बंद.