डावं-उजवं

धरणगावला, एरंडोल रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये
माझे वडील, हिलाल बडगुजर,
सरकी सोडवलेला पुंजका दोन चिमटींत धरतात, ओढतात,
जुळवतात, पुन्हा ओढतात,
उरलेले तंतू मांडीवरच्या काळ्या फडक्यावर निजवतात
आणि म्हणतात, एकोणतीस. कधी साडेअठ्ठावीस.
पट्टी खिशातच असते.

मी डब्याबरोबर झेरॉक्सचा एक गठ्ठा नेते.
हजार वर्षांपूर्वी जपानी दरबारात
कवितांच्या जोड्या लागत, एक डावीकडची, एक उजवीकडची,
मधे एक म्हातारा पंच.
कवितांची भाषांतरं पुष्कळ झालीत.
मला त्या म्हाताऱ्याचे शेरे हवेत.
'डावीची शेवटची ओळ पहिलीला ओळखत नाही.'
'उजवीत दिवा दोनदा आला, तेल एकदाही नाही.'
त्याच्याही आधीच्यांनी तर कवितेचे रोगच मोजलेले,
वैद्यासारखे, नावं देऊन:
अमुक अक्षर अमुक जागी फिरून आलं, की रोग.

'आपला लाल्याना मायक?'
तसाच.
'मंग औषध?'
औषध कुणी लिहिलेलं नाही, अप्पा.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली
की मी एक जोडी मोठ्याने वाचते.
डावी: फाटकावर बर्फ, बर्फावर पाखराच्या पायांच्या खुणा,
येणारा आलाच नाही.
उजवी: रात्रभर वात सारत राहिले;
कुणासाठी, ते दिव्याला विचारा.

अप्पा भाकरीचा तुकडा ठेच्याला लावतात.
तूस अजून खाली बसलेलं नाही, भुवया पांढऱ्या.
'बरफ मी देखेल नही. पन पहिलीनी लांबी बरी शे.'
आणि दुसरी?
'मऊ शे. ताणी देख, तुटी जास.'

पंचाने लिहिलंय: बरोबरी.
निदान मी तसं लिहिलंय. समसमान म्हणावं,
की 'राहू द्या'?
कारण खाली बारीक अक्षरांत टीप आहे:
उजवी कविता पंचाची स्वतःची.
आपल्या कवितेला आपण जिंकवायचं नाही, अशी रीत.
मग ती हरायच्या लायकीची होती, की जिंकायच्या?
तीन आठवडे तो एक शेरा ओढून पाहतेय,
तंतू हाती लागत नाही.

अप्पा हात धुतात.
एका वर्षी आमच्याच चार बिघ्यांतला कापूस
ह्याच फाटकातून आत आला होता.
त्यांनी ओढला, जुळवला,
पावतीवर सत्तावीस लिहिलं.
आई आठ दिवस बोलली नाही.

खरा किती होता? मी आज विचारलं.
त्यांनी खिशातली पट्टी काढली,
नखाने तिच्यावरचा मळ खरवडला, परत ठेवली.
'ती बरफवाली पुन्हा वाच.
पाखरूना पायन्या खुना कितल्या व्हत्यात?'

कवितेत आकडा नाही, मी सांगणार होते.
तेवढ्यात भोंगा झाला.