वाव

वहीत लिहिते : मोरपंखी ब्लाउज, अस्तर कॉटन,
बाही नऊ, मागचा गळा डीप, दहा.
बाई आरशाकडे पाठ करून मान वळवते,
"अजून थोडा डीप चालेल का हो?"
चालेल. खांदा उतरणार नाही एवढं बघते मी.
पंधरा वर्षं ऐरोलीच्या या गाळ्यात
हा शब्द माझ्यापुरता एवढाच होता :
मानेच्या मणक्यापासून खाली
खडूची एक रेघ.

हर्षालीचं आठवीचं पुस्तक मशीनच्या फळीवर.
आई, डीप स्लीप?
गाढ झोप.
डीप ब्लू?
गडद निळा.
डीप व्हॉइस?
घोगरा. नाही, थांब. भरदार.
आणि डीप ब्रेथ?
खोल श्वास.
"अगं, दर वेळी नवा शब्द का काढतेस डब्यातून?"
मी म्हटलं, त्यांच्याकडे एकच बटण आहे, सगळ्या काजांना तेच लावतात.
आपल्याकडे कापड बघून बटण.
ती हसली, आणि मग मलाच अडकवलं :
"आपली खोली दहा बाय दहा.
मग खोलीची खोली किती?"
उत्तर द्यायला मला दोरा तोडावा लागला.

बाबांना विचारायला हवं होतं. हसुराम केणी, दिवेगाव.
त्यांच्याकडे शिसं बांधलेली दोरी होती,
दर वावेला गाठ.
वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की जेवढं मावतं तेवढं,
कुणाला मिठी मारायच्या आधी
हात जसे असतात तसे.
"खाडीन पानी किती हाय
यो पान्याला नाय इचारायचा गो,
दोरीला इचारायचा."
शिशाच्या बुडाला चरबी लावलेली,
तिला तळ चिकटून वर यायचा.
चिखल हुंगून ते सांगायचे, इथे चिंबोरी, इथे नुसतीच रेव.
नंतर नंतर सांगायचे, हा कारखान्याचा.
आणि मग एका वर्षी, पाच गाठींच्या जागी
दोनच ओल्या झाल्या.
दोरी गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकली.
कुणी काही विचारलं नाही.

कळव्याच्या हॉस्पिटलात
माझ्या भावापेक्षा लहान दिसणारा डॉक्टर
पायाच्या सुजेवर बोट दाबून म्हणाला,
"डीप व्हेनमध्ये गुठळी आहे."
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
"किती इंच?"

त्याने चश्म्यावरून पाहिलं.
लिहिता लिहिता पेन थांबलं.
मी पदर उगाच सारखा केला.

"काय सांगतंय तो?" बाबांनी विचारलं.
गाढ, गडद, भरदार,
डबा सगळा उपडा केला, एकही लागेना.
म्हटलं, शीर आहे. आतली.
"आतली म्हंजे? किती वाव?"

हसू आलं असतं, पण आम्ही दोघांनी एकच प्रश्न विचारला होता,
मी टेपेत, ते दोरीत,
आणि त्या शिरेला दोन्ही ठाऊक नव्हतं.
त्यांनी दाखवायला हात पसरले.
एकच पसरला. दुसऱ्याला सलाइन.
अर्धा वाव, त्याच्या टोकाला
जाळ्यानं कापलेली बोटं.
पर्समध्ये टेप होती. का काढली, मला सांगता येणार नाही.
छातीच्या मध्यापासून मधल्या बोटापर्यंत धरली :
साडेएकतीस.
"दुप्पट कर," ते म्हणाले,
आणि डोळे मिटले. झोप नव्हती ती,
गाढ तर नव्हतीच.
पलीकडच्या खाटेवरची म्हातारी
एवढा वेळ आमच्याकडे बघत होती,
तिला वाटलं मी शर्टाचं माप घेतेय.
म्हणाली, सैल शिव हो, अंगावर येईल पुन्हा.

ते घरी आले. घट्ट मोजे घालून ओट्यावर बसतात,
पाणी चढतंय का उतरतंय
ते आता कावळ्यांवरून सांगतात.

त्या आठवड्यातले तीन ब्लाउज परत आले.
गळा वर आलाय म्हणे, सांगितला होता त्यापेक्षा.
खरंच होतं. दहाला मी साडेआठवरच थांबले होते,
तिन्ही वेळा.
बायांना म्हटलं, ठेवून जा, उद्या देते.
वर राहिलेला गळा खाली नेता येतो.
जास्त गेलेला
भरता येत नाही.