फाटक जसं सापडलं तसं

ग्राफ-रेनेटहून उत्तरेला दीड तास,
डांबर संपतं तिथून पुढे आणखी अर्धा.
हा कारू. रस्ता सरकारी,
तारेपलीकडचं सगळं कुणाच्या तरी नावावर:
दगड, मेंढ्या, पवनचक्की,
हौदातलं पाणी,
पाण्यातलं आभाळसुद्धा बहुधा.

फाटकाशी गाडी थांबवली. कॅमेरा सीटवरच ठेवला.
तो गळ्यात अडकवून परवानगी मागायची म्हणजे
ताट वाढून घेतल्यावर "जेवू का?" विचारणं.

खिदिऑन एस्टरहेझन पिकअपमधून उतरला.
आधी माझी नंबरप्लेट वाचली, मग मला.
मागच्या हिवाळ्यात त्याची चौतीस मेंढरं गेली,
त्याआधी आठवडाभर कुणीतरी इथे
पक्ष्यांचे फोटो काढत फिरत होतं म्हणे.
मी म्हटलं, लोकर कातरायची ती पत्र्याची शेड,
चारनंतर तिच्यावर ऊन तिरपं पडतं,
बाकी काही नको.
तो वळून शेडकडे बघत राहिला,
तिला पहिल्यांदाच कुणी मागणी घातल्यासारखा.
"काढ. हवं ते काढ. पण फाटक
जसं सापडलं तसं ठेव.
उघडं तर उघडं, बंद तर बंद."

हवं ते.
हे दोन शब्द मी किल्लीसारखे खिशात टाकले.

शेडमागे मजुरांची तीन घरं, दोन बिनछपराची.
तिसऱ्याला निळं दार,
दारात एक बाई भोपळा चिरत बसलेली,
ऊन तिच्या गुडघ्यापर्यंत चढलेलं.
शेड विसरले. कॅमेरा डोळ्याला लावला.

"कुणाला विचारलंस?"
"एस्टरहेझनना."
"जमीन त्याची," सुरी न थांबवता ती म्हणाली,
"तोंड माझं."

मी झाकण लावलं. माफी मागितली, ती
भोपळ्याच्या बियांसारखी बाजूला सारली तिने
आणि दुसरी सुरी पुढे केली.
सालं जाड निघाली माझी. तेही तिने सांगितलं.

नाव सीना. नवरा अब्राम, कातरणीचा गडी,
दिवसाला शंभरावर मेंढ्या.
एकदा असाच एक माणूस आला होता, लांब भिंगवाला,
मालकाची परवानगी घेऊन.
वर्षभराने गावातल्या दुकानात, कॅलेंडरवर,
जुलै महिन्यात, अब्राम.
"पैसे देऊन विकत आणला मी माझा नवरा."

आत नेलं मला. चुलीच्या धुराने पिवळा पडलेला जुलै
अकरा वर्षं भिंतीवर संपलेला नाही.
अब्राम मेंढीवर वाकलेला, मान तिरपी, ओठ मिटलेले,
खाली ठळक अक्षरांत: कारूची शांतता.

"शांतता!" सीना हसली, मग खोकली.
"झोपेत बोलायचा हा. मेंढ्यांशी भांडायचा.
त्या माणसाने नेमका तो क्षण धरला
जेव्हा याच्या तोंडात तंबाखू होती."

त्याचा दुसरा फोटो नाही.

मग तिने विचारलं. तिने, मला.
खालची अक्षरं सोडून
फक्त तेवढा माणूस काढता येईल का?

खिडकी उघडली, पान खाली उतरवलं,
खुर्चीवर टेकवलं. चकाकी येत होती,
म्हणून तिने आपली शाल धरून उजेड अडवला.
सात वेळा काढला. एकदा शालीचा कोपरा आला,
तोच ठेव म्हणाली.

बाहेर आले तेव्हा शेडवरचं ऊन गेलेलं,
पत्रा नुसता पत्रा.
एस्टरहेझनने लांबून हात केला: मिळालं का?
मीही हात केला. काय उत्तर दिलं, ठाऊक नाही.

फाटक बंद सापडलं होतं. बंद केलं.
तारेचा आकडा बोटाला लागला.

फोटो धुऊन, जाड पुठ्ठ्यात घालून
पोस्टात टाकायला गेले तेव्हा कळलं,
त्या निळ्या दाराला नंबर नाही,
टपाल सगळं मळ्याच्या पेटीत पडतं.
पाकिटावर नाव तिचं लिहिलं, मोठ्या अक्षरांत.
खाली पत्ता त्याचा.