वरकड खर्च

वही माझी. आपी विकते मी,
जांभळ्या मक्याचं ऊन ऊन पेय, पहाटे साडेचारपासून,
म्हणून प्रत्येक पानावर एक तरी जांभळा डाग.
डागांखालचे आकडे मला पाठ आहेत.

फेर्मीन, माझा भाऊ, मिनीबसच्या दारात लटकून ओरडतो.
"सेहा, सेहा, सेहा! दोन जागा, दोन जागा!"
दिवसाचे बारा तास,
इथे एल आल्तोत, चार हजार मीटरवर,
जिथे हवासुद्धा मापून मिळते.
रात्री त्याच्या घशात नुसती खरखर उरते.
त्या खरखरीतच एकदा म्हणाला,
मला ॲप लिहायला शिकायचंय.
मी विचारलं, किती लागतील?
त्याला वाटलं, वर्षं विचारतेय.

गुरुवारच्या बाजारात गेलो,
जिथे गाडीची दारं आणि परक्यांचे कोट
एकाच ताडपत्रीवर मिळतात.
डोन्या एउलोखियाने चादर उचलली
खुडूक कोंबडी उठवावी तशी.
खाली लॅपटॉप.
चार जीबीचा स्वस्त होता. फेर्मीन नको म्हणाला,
याला काम सांगितलं की धापा टाकतो,
सखल गावातून पहिल्यांदा वर आलेल्या पाहुण्यासारखा.
आठवाला घेतला. वायर काढली की डोळे मिटणारा,
आणि की-बोर्डवर आमचं 'न्य' नाही,
म्हणजे डोन्या एउलोखियाचं नावच त्यावर धड उमटत नाही.
सोळाशे सांगितले. तेराशे पन्नासला मिटवलं,
वर एक माऊस मागून घेतला.

लिहिलं: यंत्र.

मग वायर. पंधरा बोलिव्हियानो.
ती फक्त वीज नेणारी निघाली, अक्षरं नेणारी नव्हे.
मग दुसरी वायर.
(पहिलीने आई फोन चार्ज करते. तिच्या नावे टाकली.)

फोन आईचाच, काच तडकलेला. नवा कशाला?
तडकलेल्यावर चाललं तर कशावरही चालेल.

सॉफ्टवेअर फुकट, उतरवून घेणं फुकट नाही.
दातांच्या दवाखान्याच्या पायरीवर तीन रात्री बसला,
पासवर्डच्या बदल्यात स्वागतिकेला सहा ग्लास आपी.
बोटं उघडी ठेवणारे हातमोजे मी विणले,
जुन्या स्वेटरची लोकर उसवून.
ते कुठे लिहायचं कळेना.

शिकवणीही फुकट. मेक्सिकोतला कुणी व्हिडिओत समजावतो.
फेर्मीन त्याला गुरुजी म्हणतो.
गुरुजींना अजून मिसरूड फुटलेलं नाही.

पुढे ॲप दुकानात मांडायचे पंचवीस डॉलर, एकदाच.
पण डॉलर आणायचा कुठून?
बँकेतली बाई हसली, वाईट नाही, दमून हसली.
मावसबहीण रेमेदियोस साओ पाउलोत कॉलर शिवते,
तिच्या कार्डावर झालं.
म्हणाली, किती कॉलर झाल्या ते विचारू नकोस.
मी विचारलं नाही. पण तिचं पान वेगळं केलं.

जुलैतल्या एका रात्री, बादलीतलं पाणी गोठलेलं,
तडकलेल्या काचेखाली एक ठिपका हलला.
बस. खरी बस. चालकाच्या फोनवरून निघालेली,
किती जागा रिकाम्या, तेही शेजारी.
आई म्हणाली, अगंबाई, आवाज न करता येतेय.

आवाज न करता.
फेर्मीन ठिपक्याकडे बघत राहिला.
मग मी विचारलं, कारण हिशेब माझ्याकडे असतो:
हे सगळ्यांच्या फोनवर आलं,
तर दारात लटकणाऱ्याला सत्तर रुपडे रोज कोण देईल?

त्याने उत्तर दिलं नाही.
घसा बसला होता, हेही खरं.

आज पहाटे माझ्या गाडीसमोरून त्यांची बस गेली.
"सेहा, सेहा!" करत तो एका हाताने लटकलेला,
दुसऱ्या हातात आईचा फोन,
ठिपका बरोबर चालतोय का ते तपासत.
मी ग्लास पुढे केला, त्याने चालत्या बसमधून घेतला,
अर्धा माझ्या वहीवर सांडला.

ग्लास परत यायचा आहे.