गुरुवारी पाणी नसतं

गुरुवारी पाषाणला पाणी नसतं.
म्हणून बुधवारी संध्याकाळीच भरून ठेवते
ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन कॅन,
वर चिठ्ठी: चहाला वापरू नये. शर्वाणी, खोली चौदा.

माझी बॅटरी पाण्याची आहे.
म्हणजे आत भडकणारं काही नाही;
लिथियमच्या क्षाराचं साधं द्रावण,
एका बाजूला मँगनीजची काळी पूड,
दुसऱ्या बाजूला काय, ते पाच वर्षं ठरतंच आहे.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
पाणी आणि वीज एकत्र?
लहानपणी काय शिकवलं होतं तुला?

पाण्याचा एक आकडा असतो:
एक पूर्णांक तेवीस शतांश व्होल्ट.
तोवर ते निमूट राहतं.
त्यापुढे ताणलं की उसवतं,
दोन वायूंत, आवाज न करता.
मला असं द्रव्य हवं आहे
जे लिथियमला घरात घेईल
पाणी उसवायच्या आत.

टायटॅनियमचं फॉस्फेट घेतं,
पण अगदी काठावर उभं राहून.
म्हणून शंभरातल्या पाच जागी कथील बसवलं,
साखर मिसळून खलात घोटलं मनगट भरून येईपर्यंत,
आर्गॉनमध्ये सातशे अंशांवर आठ तास.
साखरेचा कोळसा कणाकणाला बिलगला.
ती पूड कालवून पोलादी जाळीवर लिंपली, वाळवली, बुडवली.

आणि बुडबुडा.

बारीक, मोहरीएवढा. मग दुसरा.
पाच महिने मी कथिलाला दोष दिला:
पाच टक्के, तीन टक्के, दोन.
वहीत प्रत्येक पानाखाली तेच वाक्य,
हायड्रोजन सुटतो.
शेवटी शेवटी मी तारीखसुद्धा टाकत नव्हते.

काचकाम करणारे वडके
सेलचं तडकलेलं झाकण बदलायला आले.
त्यांचे वडील तांबट आळीत कल्हई करायचे.
कथील म्हटल्यावर थांबले,
चष्मा कपाळावर सरकवून
सेलला नाक लावून बराच वेळ बसले.
काच फुंकणारा माणूस; बुडबुडा कुठून निघतो
हे बघण्यातच त्याची नजर तयार झालेली.

"तुमच्या पुडीतून नाही येत हा," म्हणाले.
"कडेला बघा. जाळी उघडी आहे.
आमच्याकडे म्हणायचे, डाग राहिला की
कथिलाला नावं ठेवू नये,
आधी भांडं कोणी घासलं ते विचारावं."

मी हसले नाही. मला रडूही आलं नाही.
खाली उतरले, स्कूटर काढली,
औंधच्या दुकानातून नखांचं पॉलिश आणलं,
तीस रुपयांचं, भडक राणी रंगाचं,
आणि जाळीची कड रंगवली श्वास धरून,
आयुष्यात स्वतःची नखं कधी न रंगवलेल्या हातानं.

आज गुरुवार. बेसिनचा नळ कोरडा फुसफुसतो.
पडद्यावर आलेख चढतो, उतरतो, चढतो.
एकशे चाळीस फेऱ्या. एकशे नव्वद.
वडके जाता जाता डोकावतात,
विचारत काहीच नाहीत.

दोनशे तेराव्या फेरीला
एक बुडबुडा आला. या वेळी वरच्या टोकाला,
चिमट्यापाशी.

वहीत लिहिलं: वरचं टोक.
तारीखही टाकली.